पहिल्या नारळाचा मान

बेळगुंदीच्या महादेवाला साखर नाही, बीपी नाही. डॉक्टर म्हणतात, चोपन्नाव्या वर्षी असं काळीज बघायला मिळत नाही. त्या काळजात बावीस वर्षं ज्योतिबा ठाण मांडून बसलाय, हे मात्र डॉक्टरांच्या मशीनला दिसत नाही.

दोघं एकाच गल्लीतले, मच्छे गावच्या एकाच कारखान्यात लेथ मशीनवर, दोघांकडं बिनगेअरच्या काळ्या सायकली. दर माघात गावातली माणसं कणकुंबीच्या माउली देवीला जातात. बायका, म्हातारी टेम्पोनं आधी पोचतात; हे दोघं सायकलवरून, ज्योतिबा कायम मैलभर पुढं. जांबोटीच्या पुढं रस्ता नुसता चढ-उताराचा, आणि कणकुंबीच्या अलीकडची शेवटची चढण तर अशी की रिकामी सायकल ढकलतानाही कुलदैवत आठवतं. ती पाय न टेकता चढून जो आधी देवळात पोचेल, त्यानं पहिला नारळ फोडायचा, ही रीत. दरवर्षी तो ज्योतिबा फोडायचा. "टेकला काय रं पाय?" असं कुणी विचारलं तर नुसता हसायचा.

त्या हसण्यानं महादेवाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पाय न टेकता चढायला तोही शिकला होता, गेली अकरा वर्षं एकदाही टेकला नव्हता. पण तो पोचेपर्यंत नारळ फुटलेला असायचा, आणि दुसऱ्याला कोण विचारतं? पोरानं, साईराजनं, गेअरची सायकल आणून दिली, ती गोठ्यात पडून आहे. "गेअर टाकून चढलो तर ज्योतिबा गावभर सांगंल," म्हणाला. त्यावर बायको, मालुबाई, म्हणाली, "तुमी माउलीला जाताय का ज्योतिबाभावजीस्नी बघाय?"

यंदा त्याला राहवलं नाही. हा गडी चढतो तरी कसा, दम कुठं राखतो, हे एकदा डोळ्यांनी बघायचंच. कुणाला न सांगता तो पहाटेच निघाला आणि चढणीच्या मधल्या वळणावर, करवंदीच्या जाळीमागं सायकल आडवी करून बसला.

तासाभरानं ज्योतिबा आला. वळणाआधीच उतरला. एक हात हँडलवर, एक सीटवर, निवांत ढकलत वर गेला. सपाटी आल्यावर त्यानं पुन्हा टांग टाकली.

महादेवाला तिथंच नाचावंसं वाटलं. बावीस वर्षं आपण ज्याच्यावर जळलो तो ढकलत जातो. त्यानं सायकल जाळीतून ओढून काढली आणि उरलेला चढ एका दमात मारला. देवळात सगळे होतेच. आता सगळ्यांदेखत बोलायचं म्हणून तो तोंड उघडणार, तोच ज्योतिबानं नारळ त्याच्या हातात ठेवला.

"फोड, म्हादेवा. माजा पाय दरवर्सी टेकतोय. तुजा न्हाय टेकत. वरच्या सपाटीवरनं मागं वळून बघतोय की मी, आत्ताबी बघितला. लई जळलो रं तुज्यावर, म्हणून गप बसलतो. यंदा बोलल्याबिगर ऱ्हावंना."

गल्लीतल्या जयाबाईनं डोळ्याला पदर लावला. "मन मोठं हाय हो ज्योतिबाआण्णांचं," ती म्हणाली, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

महादेव नारळाकडं बघत राहिला. एवढी वर्षं याच्यासाठी रक्त आटवलं. आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्याचा पाय टेकला होता, तोही करवंदीच्या जाळीत, उकिडवं बसून. समोर माउली होती. तिच्यापुढं खोटं कसं बोलणार?

"यंदा माजाबी टेकला," तो पुटपुटला.

"कुठं रं?" ज्योतिबानं विचारलं.

"वळणावर. तुला बघाय बसलतो."

देवळात हशा पिकला. पुजारीही हसू दाबत पुढं आला. "दोघंबी खरं बोलला. पण आधी कोण बोललं?" म्हणाला आणि नारळ महादेवाच्या हातातून घेऊन ज्योतिबाला दिला.

ज्योतिबानं तो एका घावात फोडला. खोबऱ्याचा सगळ्यात मोठा तुकडा काढून त्यानं महादेवाच्या हातावर ठेवला, तेव्हा महादेवाला वाटलं, निदान एवढं तरी यानं करायला नको होतं.