झुरळं नाहीत, असं मी डॉक्टरांना सांगितलं होतं

माझ्या हातावर पेनाने आकडे लिहिले होते. प्रत्येक आकड्याशेजारी त्रास देऊ शकणाऱ्या एकेका गोष्टीच्या अर्काचा थेंब टाकून बारीक सुई टोचली होती. याला स्किन प्रिक टेस्ट म्हणतात. ज्याची अ‍ॅलर्जी असेल तिथे गांध उठते. वीस मिनिटं खाजवायचं नाही, हलायचं नाही. मला दोन मिनिटं एका जागी बसवत नाही. मी घड्याळाकडे बघत पाय हलवत राहिले.

दोन गांधी उठल्या. डॉक्टरबाईंनी पट्टीने मोजल्या.

"सुनंदाताई, ही डस्ट माइटची, म्हणजे धुळीतल्या बारीक किड्यांची. गादी-उशांमध्ये राहतात, डोळ्यांना दिसत नाहीत. आणि ही मोठी आहे ना, ती झुरळांची."

शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे मी पाहिलं नाही. मागच्या भेटीत बाईंनी विचारलं होतं, घरात झुरळं आहेत का? मी ताडकन 'नाही' म्हटलं होतं.

नाशिक रोडच्या आमच्या सोसायटीत मी दहा वर्षं डबे करते. सिंकखालच्या कपाटात झुरळं होती, मला ठाऊक होतं. पण डबेवालीने ते तोंडाने कसं म्हणायचं? आठ महिने खोकला होता. फोडणी घातली की छाती आवळायची, जिना चढताना छातीतून शिट्टी वाजायची. मी मिरच्यांना दोष देत राहिले आणि कफ सिरपच्या बाटल्या रिकाम्या करत राहिले. शेवटी स्पायरोमेट्रीत, म्हणजे नळीत जोराने फुंकून श्वासाची ताकद मोजतात त्यात, दमा निघाला.

बाईंनी इनहेलर लिहून दिला. गादी-उशांना बंद खोळी, चादरी दर आठवड्याला गरम पाण्यात. "आणि झुरळांवर स्प्रे मारू नका," त्या म्हणाल्या.

मला धीर कुठला. दुसऱ्या दिवशी नवरा कामावर गेला तशी मी दुकानातून स्प्रे आणला आणि अख्खं कपाट भिजवलं. थोड्याच वेळात श्वास आत जाईना. कशीबशी जिन्यात आले. खालच्या मजल्यावरच्या भालेराव वहिनींनी मला रिक्षात घातलं.

हॉस्पिटलात नेब्युलायझर लावला. मास्कमधून औषधाची वाफ घ्यायची, म्हणजे आवळलेल्या श्वासनळ्या सैल होतात. दोन दिवस वॉर्डात होते. सारखी उठून बसायची; नर्स पुन्हा निजवायची.

डॉक्टरबाई आल्या. "स्प्रेनेच नळ्या आवळल्या. आणि झुरळं मेली तरी त्यांची विष्ठा, कातडीचे कण घरात राहतात, त्रास होतच राहतो. कधीपासून आहेत?"

"दोन वर्षं."

त्यांनी लिहून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग घरी पेस्ट कंट्रोलवाला आला. बिनवासाची जेल लावली, सिंकखालचा पाइप पाहिला. म्हणाला, "ताई, हा पाइप चारही मजल्यांना एकच आहे. एकट्या तुमच्या घरात करून उपयोग नाही."

म्हणजे सगळ्यांना सांगायचं. त्यातल्या दोन घरांत माझा डबा जात होता.

तीन दिवस मी गॅलरीत येरझाऱ्या घातल्या. चौथ्या दिवशी वहिनींचं दार वाजवलं आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं.

"आमच्याकडेही आहेत हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही डबे करता, मग कसं बोलायचं? तुम्हाला वाटलं असतं, मी तुम्हालाच बोल लावतेय."

महिन्याभरात सगळ्या घरांत जेल लागली. एका घराने डबा बंद केला. लागलं मला ते, पण समजूत घालायला गेले नाही. पुढच्या स्पायरोमेट्रीत आकडे सुधारले. इनहेलर चालू आहे. बरं वाटलं म्हणून परस्पर थांबवायचा नाही, असं बाईंनी बजावलंय. अजूनही मी दिवसातून चारदा टॉर्च घेऊन कपाटात डोकावते.

तुमचा खोकला हटत नसेल, तर घरात जे आहे ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. मी लाजेपायी वॉर्डात पोचले.

वहिनींचे उपकार मात्र फिटायचे नाहीत. घरोघर सांगायला त्या माझ्यासोबत आल्या. चौथ्या मजल्यावर मला धाप लागली, शब्द फुटेना. त्यांनीच बेल दाबली आणि दार उघडताच म्हणाल्या, "आम्हा दोघींच्या घरात झुरळं झालीत. तुमच्याकडे आहेत का?"