नऊ वारांची खोली

सायली गेल्याचा फोन आला तेव्हा मी मिल्टन कीन्समध्ये गाडीत होते. पुढच्या राउंडअबाउटच्या गोल चौकाला मी सतरा फेऱ्या मारल्या... बरं, चार असतील, पण बाहेर कुठून पडायचं तेच सुचेना. माझ्या बहिणीची मुलगी, ब्रिटिश आर्मीतली मेडिक, मेंदूत रक्तस्राव होऊन एका दुपारीत संपली. मागे दीड वर्षाचा ईशान.

सायलीचा जन्म कॉव्हेंट्रीचा, त्यामुळे तिचं मराठी ऐकून व्याकरण पांढरं निशाण दाखवायचं. आवाज असा, की ईशानला हाक मारली की बर्मिंगहॅमची कबुतरं उडावीत. पण सैन्यातून परतली ती मोडका गुडघा आणि एक भीती घेऊन: पाठीमागे उघडी जागा असली की अंग आखडायचं, मग बाळासाठी दूधही उतरायचं नाही. ईशान तीन महिन्यांचा असताना आम्ही माजी सैनिकांच्या क्लिनिकला गेलो. रिसेप्शनिस्ट गोड हसली, "मिस्टरांची अपॉइंटमेंट का?"

"माझी. आणि बाळाला पाजायला खोली हवी आहे."

मॅनेजरने टॉयलेट दाखवलं. सायलीने विचारलं, "तुम्ही तुमचं सँडविच इथे खाता?"

"मॅडम, आमच्याकडे बहुतेक पुरुषच येतात."

"बायकांना संडासात बसवल्यावर कोण येणार?"

पुढच्या खेपेला मला म्हणाली, "मावशी, आजीचा नऊवारी दे ना." हुकांच्या रबरी दोऱ्यांनी तिने वेटिंग रूमच्या कोपऱ्यात, कोट-स्टँड ते रेडिएटर, जांभळा तंबू ठोकला. आत ईशान घटाघटा दूध प्यायला. बाहेर अख्खी पलटण पाठ करून पहाऱ्याला उभी राहिली. म्हणजे तीन म्हातारे, त्यातला एक वॉकरवर! मॅनेजर 'हेल्थ अँड सेफ्टी' म्हणत आला, तेव्हा वॉकरवाला गरजला, "पासवर्ड?"

तंबू उतरवायला लागलाच. मग तिने कायद्याचा ध्यास घेतला: सैनिकांच्या प्रत्येक दवाखान्यात अशी खोली सक्तीची हवी. गुडघा ओढत, पोर कडेवर घेऊन सभा गाठायची. सगळे म्हणायचे, शक्य असल्यास करू. "शक्य असल्यास म्हणजे कधीच नाही, मावशी." एका खासदाराने ईशानला उचलून फोटो काढला. खोली मात्र कुणाच्या बापाला उचलता आली नाही! गोळीबारात हिने जखमी ओढून आणायचे, आणि हिच्या लेकराला देशाकडे एक कडी नाही?

गेल्या आठवड्यात त्याच मॅनेजरचा फोन. सायलीच्या नावाने कार पार्कमध्ये बाक बसवायचा विचार आहे, चालेल का?

"चालेल की," मी म्हटलं. "फक्त बाक आत ठेवा. भोवती चार भिंती घाला. आणि दाराला आतून कडी."

तो म्हणाला, "बघतो, शक्य असल्यास."

लुगडं माझ्या गाडीच्या डिकीत आहे. एका टोकाला दुधाचा डाग, तो मी धुतलेला नाही. चारही कोपऱ्यांना सायलीने मारलेल्या गाठी, हुकांसकट. त्याही सोडलेल्या नाहीत. क्लिनिक गुरुवारी असतं. वॉकरवाल्याला मी कळवलं आहे.