चौऱ्याऐंशी तास

रुग्णालयाच्या तळमजल्यावर औषधांचं कोठार आणि जिना यांच्या मधे एक कोंदट खोली आहे. तिथे बसणाऱ्या बाईंना सगळे बेरीजबाई म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही, पण ठेवणाऱ्यानं माणूस बरोबर ओळखला होता. एकतीस वर्षं बाईंनी आयांच्या पाळ्यांचं रजिस्टर सांभाळलं. बोट ओळीवरून खाली सरकायचं, ओठ हलायचे आणि तळाशी तासांचा आकडा पडायचा. तो पुन्हा तपासायची कुणाची छाती नव्हती आणि तशी गरजही कधी पडली नाही.

अशा बाईंना यंदा कॉम्प्युटरपुढे बसवलं. नवा व्यवस्थापक त्यांच्या लेकीहून दोनच वर्षांनी मोठा. तो गोड आवाजात म्हणाला, "बाई, आता हे एक्सेलमध्ये करा. नाहीतर काम बाहेर द्यावं लागेल." गोड बोलण्यातला धाक ओळखायला बाईंना कुणाची शिकवणी लागत नव्हती. त्यांनी महिन्याच्या सगळ्या नोंदी रजिस्टरवरून जशाच्या तशा, ओळीला ओळ, टाइप केल्या आणि रविवारी लेकीला धरून बसवलं.

"आई, सम-इफ म्हणजे अट घालून केलेली बेरीज," लेक म्हणाली. "तीन गोष्टी सांगायच्या. कुठे शोधायचं, कुणाला शोधायचं, आणि सापडलं की कशाची बेरीज करायची."

"एवढंच? तुझ्या बाबांना बाजारात पाठवताना याहून जास्त सांगावं लागतं."

"पण हा सांगितलं तेवढंच आणतो."

"ऐकतोय मी," पेपरामागून बाबा म्हणाले.

कंस, स्वल्पविराम, पुन्हा कंस. चार वेळा चुकलं, पाचव्यांदा जमलं, आणि बाईंना कोण आनंद झाला! सोमवारी त्यांनी बेचाळीस आयांचे तास पाऊण तासात काढले. एरवी या कामाला चार दिवस जायचे. पहिली दोन नावं त्यांनी हातानं ताडून पाहिली, बरोबर आली. शितावरून भाताची परीक्षा झाली म्हणायचं.

ही यादी साधी नव्हती. वरून हुकूम आला होता: महिन्यात ज्यांचे तास एकशे वीसच्या आत, त्यांना कायमच्या यादीतून काढायचं आणि लागेल तेव्हाच बोलवायचं. तशी तीन नावं निघाली. त्यात सगळ्यात खाली भिंगरी होती, चौऱ्याऐंशी तास.

भिंगरी म्हणजे हाडांच्या वॉर्डातली आया. पायाला भिंगरी लागल्यासारखी फिरायची म्हणून हे नाव. हा आकडा पाहून बाईंच्या मनात पाल चुकचुकली, नाही असं नाही. पण तेवढ्यात व्यवस्थापक खोलीत आला, "वा बाई, कमाल केलीत!" म्हणाला आणि यादी घेऊन गेला. एकतीस वर्षांत त्यांच्या बेरजेला कुणी वा म्हटलं नव्हतं. कौतुकानं माणूस आंधळा होतो, बाईही झाल्या.

मंगळवारी मात्र त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. खुर्चीत बसावं तर उठावंसं वाटे, उठावं तर कुठे जायचं ते कळेना. दारातून पाहिलं तर भिंगरी एका म्हाताऱ्याची चाकाची खुर्ची ढकलत चाललेली. तासाभरानं पाहिलं तर चादरींचा गठ्ठा घेऊन. दुपारची पाळी लागली तरी भिंगरी आहेच. चौऱ्याऐंशी तासांत माणूस इतक्या वेळा दिसतो? बाईंनी फॉर्म्युला पुसून पुन्हा लिहिला. चौऱ्याऐंशी. आणखी दोनदा लिहिला. चौऱ्याऐंशी ते चौऱ्याऐंशीच.

घरी चहात साखरेऐवजी मीठ पडलं. नवऱ्यानं एक घोट घेऊन कप हळूच बाजूला सरकवला. "अगं, झालंय काय तुला?"

"काही नाही."

"काही नाहीची चव अशी असते होय?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी लेकीला फाइल पाठवली, तिनं पाहून सांगितलं, "फॉर्म्युला अगदी बरोबर आहे, आई. शांत झोप." फॉर्म्युला बरोबर आहे म्हटल्यावर तर त्यांची अस्वस्थता दुप्पट झाली. चूक सापडली असती तर निदान तिच्यावर ओरडता आलं असतं.

बुधवारी सकाळी कळलं की यादीतून काढल्याची पत्रं कालच संध्याकाळी तिघींच्या हातात पडली. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, रजिस्टर उघडलं आणि सवयीनं सहा-सहा तासांच्या पाळ्यांवर बोट ठेवलं. भिंगरी, सहा. भिंगरी, सहा. भिंगरी, सहा. बोट थांबलं.

बोटाखाली भिंगरीचं नाव नव्हतंच. तिथे होत्या दोन छोट्या तिरप्या रेघा.

भिंगरीचं घर लांब, जायला दोन तास, यायला दोन तास. म्हणून ती दिवसाआड यायची आणि लागोपाठ दोन पाळ्या करायची. दुसऱ्या पाळीच्या ओळीत नाव पुन्हा कशाला लिहायचं? रजिस्टरच्या रीतीनं खाली कित्ता, म्हणजे वरचंच नाव या अर्थाच्या दोन रेघा. बाईंचे ओठ एकतीस वर्षं त्या रेघांना नाव म्हणून वाचत आले होते. टाइप करतानाही त्यांनी इमानेइतबारे त्या रेघाच मारल्या. फॉर्म्युल्यानं नाव शोधलं, सापडल्या रेघा, तो पुढे गेला. उरलेल्या दोघीही लांबून येणाऱ्या, जोडपाळी करणाऱ्या. म्हणजे सगळ्यात जास्त राबणाऱ्या तिघी बाईंनी स्वतःच्या हातानं तळाला टाकल्या होत्या. आणि चूक कुठे शोधली? कंसात! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

रेघांच्या जागी नावं भरली. भिंगरी, एकशे अडुसष्ट.

व्यवस्थापकानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, पत्रं गेलीत. वर काय सांगू? नवी पद्धत चुकली?"

"पद्धत चुकली नाही. मी चुकले."

"तुमच्याच अंगाशी येईल. हे काम बाहेर द्या म्हणतील."

"म्हणू देत." बाईंनी तिथेच कागद ओढला. चूक माझी, तास असे, पत्रं रद्द करावीत, असं लिहून खाली सही केली. व्यवस्थापकानं तो कागद दोनदा वाचला आणि मुकाट्यानं फोन उचलला. पलीकडून होकार यायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात बाईंनी खिडकीपासून दारापर्यंत इतक्या फेऱ्या मारल्या की शेवटी तो म्हणाला, "बसा हो, मलाच गरगरायला लागलंय."

भिंगरी चादरींच्या खोलीत कपाटाची किल्ली परत करायला आली होती. बाईंनी दारातूनच सांगून टाकलं, धापा टाकत, मागचंपुढचं एक करत. पत्र रद्द झालंय, तास चुकले होते, चूक माझीच.

"असं होय," भिंगरी म्हणाली आणि कपाटाला टेकली. डोळे सुजलेले होते तिचे.

"अगं, दोन पाळ्या करतेस तू! चौऱ्याऐंशी ऐकून भांडायला का नाही आलीस माझ्याशी?"

"मोजलं ना मी घरी, बोटांवर. अठ्ठावीस पाळ्या येत होत्या. नवरा म्हणाला, जाऊन विचार. मी म्हटलं, बाईंची बेरीज आहे, ती कशी चुकेल? माझंच मोजायचं चुकत असणार. किंवा मधे कुठे बसले असेन, ते कापलं असेल."

बाईंना वाटलं, तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. स्वतःच्या पायांवर केलेलं काम भिंगरी खोटं मानून बसली होती, का, तर बेरीजबाईंचा आकडा खरा म्हणून. एकतीस वर्षांचा लौकिक त्यांना त्या क्षणी नकोसा झाला.

"एकशे अडुसष्ट आहेत तुझे," त्या म्हणाल्या.

"असतील. तुम्ही म्हणताय म्हणजे असतीलच."

"नाही!" बाई इतक्या जोरात म्हणाल्या की भिंगरी दचकली. "मी म्हणते म्हणून नाही. तू मोज."

त्यांनी काखेतलं रजिस्टर चादरींच्या गठ्ठ्यावर उघडलं आणि भिंगरीचं बोट धरून ओळीवर ठेवलं. भिंगरीनं अडखळत आपलं नाव वाचलं. बोट खाली आलं आणि दोन रेघांवर थांबलं.

"आणि ही कोण?"

"तूच," बाई म्हणाल्या. "पुढे मोज."