चारही चाकांचा जोर

गाड्यांच्या शोरूममधल्या त्या विक्रेत्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण एकदा सुरू झाला की तो थांबत नसे. स्वतः बसने यायचा, पण स्पोर्ट्‌स कूपे ही दोन दारांची वेगवान गाडी दाखवताना वाटावं, हा जन्मलाच तिच्यात.

"इंजिनचा जोर चारही चाकांना मिळतो, काका. एखादं चाक घसरायला लागलं, की ट्रॅक्शन कंट्रोल लगेच त्याचा कान पकडतं. ओल्या रस्त्यावरही गाडी चिकटून चालते."

हे खरंच होतं. पण चारही चाकांचा हा जोर गाडी पळवायला कामी येतो, थांबवायला नाही, एवढं वाक्य तो दरवेळी गिळायचा. त्या वाक्याने विक्रीला खीळ बसते.

गाडी विकत घेऊन गेलेले तेच काका महिन्याभरात परत आले. गाडीचं नाक चेपलेलं, काकूंचा हात प्लास्टरमध्ये.

"माझंच चुकलं रे," काका म्हणाले. "ओला उतार होता. गाडी चिकटून चालते म्हणून वेग कमी केला नाही. ब्रेक दाबला, तर घसरत गेली ती थेट भिंतीवर."

"मी म्हणत होते, हळू घ्या," काकू म्हणाल्या. "तर हे म्हणाले, तो मुलगा खोटं कशाला बोलेल?"

शेजारी एक नवं गिऱ्हाईक कान देऊन ऐकत होतं. काकांनी त्यालाही सांगितलं, "गाडीत खोट नाही हो. बिनधास्त घ्या."

रेडिओला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता तरी खरं सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलं, आणि काकूंच्या हाताकडे न बघता तो म्हणाला, "ऐकलंत ना साहेब? हे आमचे जुने गिऱ्हाईक."