खुनी मामाचा सिनेमा घेऊन घाटंजीला

घाटंजीला जायचं म्हटलं की आमचे हे हमखास विचारतात, "तिथे बघण्यासारखं आहे तरी काय?" या वेळी उत्तर तयार होतं. मलाच काहीतरी दाखवायला जायचं होतं.

आमच्या भागात फार पूर्वी एका कापसाच्या व्यापाऱ्याचा घाटात खून झाला होता. त्यावर एका वकिलानं पुस्तक लिहिलं, पुस्तकावरून सिनेमा निघाला आणि मुंबईची मंडळी शूटिंगला थेट घाटंजीत उतरली. गाडीवाल्याच्या भूमिकेसाठी त्यांनी माझ्या मामालाच गाडी-बैलांसकट उचललं. तो सिनेमा परवा माझ्या लेकीला इंटरनेटवर सापडला. मी हरखून मामीला फोन केला. मामा जाऊन दोन वर्षं झालीत. मामी म्हणाली, "त्याच्यात तुह्या मामाचा आवाज आहे का वं? फोटो तं रोज पाह्यतो मी. आवाज आठवून नाही राह्यला. लय भेव लागते."

मोबाइलवर पाठवता आला असता. पण असलं काही माणसानं एकट्यानं बघू नये. लेकीनं सिनेमा लॅपटॉपवर उतरवून दिला आणि मी निघाले.

पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं यवतमाळ. शाल हाताशी ठेवा, कारण थंडीतही एसी चालू ठेवण्याची ट्रॅव्हल्सवाल्यांना भारी हौस. सकाळी स्टँडसमोर तर्री-पोहे खाल्ले. नाक-डोळे वाहायला लागले आणि माहेरी आल्यासारखं वाटलं. पुण्याच्या पोह्यांबद्दल इथे काही लिहीत नाही, उगाच भांडणं होतात. पुढे एसटी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे गाडीत आमचंच राज्य. दोन्हीकडे साग, मग फुटलेल्या कापसाची शेतं, मधेमधे तूर. शेजारच्या आजींनी चौकशी केली, "कोणाकडं चालली वं?" मी मामाचं नाव सांगितलं.

"अरे बाप्पा! खुन्याची भाची!"

आख्खी बस वळून बघायला लागली. अजून आठवतंय लोकांना! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू.

त्याचं असं झालं. पुस्तकातला गाडीवाला साधा साक्षीदार. सिनेमावाल्यांनी त्याला खुन्याचा साथीदार करून टाकलं. तेव्हा मामाचं लग्न नुकतंच ठरलं होतं. मामीच्या वडलांनी, म्हणजे ढाणकीच्या होणाऱ्या सासऱ्यांनी, सिनेमा उमरखेडच्या टॉकीजमध्ये पाहिला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं घाटंजी गाठली. "खुन्याच्या घरी पोरगी देत नाही मी!" माझ्या आजोबांनी त्यांना पुस्तकातली गाडीवाल्याची साक्ष मोठ्यानं वाचून दाखवली, तेव्हा कुठे ते चहा प्यायले. मामीला मात्र सिनेमा बघायची सक्त मनाई झाली. नंतर तो कुठे लागलाच नाही.

मामीनं पाटवडीचा रस्सा केला होता. जेवणं आटोपल्यावर मी लॅपटॉप खाटेवर मांडला, तर ही बाई आतून कोरं पातळ नेसून आली.

"अशी काय पाहून राह्यली? टॉकीजमधी गेली असती तं नेसलीच असती ना!"

सिनेमा सुरू झाला. घाट आला. काळ्याभोर मिशांचा, तरणाबांड मामा गाडीवर बसलेला! मामीनं तोंडावर पदर धरला. मामानं तोंड उघडलं आणि बाहेर पडला भारदस्त, पुस्तकी, मुंबईचा आवाज.

डबिंग! माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"हे कोण बोलून राह्यलं?" मामीनं विचारलं. काय सांगणार, कपाळ? इतक्या लांबून येऊन मी तिला परक्या माणसाचा आवाज ऐकवत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बंद कर," मामी म्हणाली.

मी हात पुढे केला, तेवढ्यात पडद्यावर बैल चढावर अडले. मामा ताडकन उभा राहिला. "हर्रऽऽ चाल रे राज्या! चाल माह्या लेकरा! हो हो होऽऽ!"

चिरका, दम लागलेला, आमचा मामा! मुंबईत कोणाला येत होते बैल हाकता? तेवढा आवाज त्यांनी तसाच ठेवला होता. मामी हमसून हमसून रडायला लागली, मग मीही. रडता रडताच म्हणाली, "पुन्हा लाव."

संध्याकाळपर्यंत आम्ही तेवढंच बघत बसलो. खून पुढे कसा उघडकीला येतो ते राहूनच गेलं.

तुम्ही जाणार असाल तर हिवाळ्यात जा, आणि बाजाराचा दिवस धरून जा. ताजी तूर, बोरं, गावरान वांगी, पिशव्या कमी पडतात. माझ्याही दोन भरल्या होत्या. आठवड्यात सगळं संपलं.

निघताना मामीनं ती हाक तिच्या मोबाइलची रिंग म्हणून लावून घेतली. आता मी फोन केला की ती लवकर उचलतच नाही. काल जरा चिडूनच विचारलं, तर म्हणाली, "थांबत जा ना वं जराशी. आयकून राह्यली होती."