अबोलीच्या वाफ्यावरचं काँक्रीट
समोरच्या इमारतीत आज सिमेंट कालवायला घेतलं आणि त्या ओल्या वासाने माझं डोकं पुन्हा तापलं. कोन गावातलं आमचं शेत विकून झालं, त्या वर्षीची गोष्ट. माझ्या हातची माती म्हणून अंगणातला अबोलीचा वाफा तेवढा उरला होता. कोंबड्या तो उकरायच्या, म्हणून मी मुलाला म्हटलं, कडेने दगड बसवून दे. मुलगा बिल्डर, त्याला स्लॅबशिवाय काही दिसत नाही. "अरे, दगडांच्या बुडाला सिमेंटचा थोडाच माल लागेल. घमेल्यात कालव, कमी पडला तर परत कालव." तो हसला. "आये, माझ्या साइटवर माल कधी कमी पडत नाय." त्याने दगडांसाठी खणलेला अख्खा चर भरेल एवढ्या मालाचा अंदाज धरला, निम्मा चर दगडच भरणार, हे डोक्यातच घेतलं नाही. दगड बसले आणि साइटवरून आणलेल्या मिक्सरमध्ये ढीगभर माल उरला. मी सगळ्यांना चहा ठेवायला आत गेले. बाहेर येते तर त्याची माणसं तो माल वाफ्यात ओतून फावड्याने पसरत होती, आणि माझी अबोली फुलांसकट खाली गाडली गेली होती. "मेल्या, हे काय केलंस?" "कालवलेला माल ठेवता येत नाय, आये. मग काय फेकायचा? बघ, जागा कशी साफ झाली." मी एकाच्या हातातलं फावडं हिसकावलं, पण खरवडून निघाली ती नुसती पानं आणि चिखल. आता पुढचे दगड काढून टाकलेत आणि तो तिथे गाडी लावतो. "चल आये, पनवेलला सोडतो," म्हणतो. मी रिक्षाने जाते.