जांभळ्या साडीचं पुस्तक

नव्या साडीची घडी मोडली, की खळीच्या त्या वासाबरोबर मी परराज्यातल्या उधन्याच्या आमच्या मराठी शाळेच्या लायब्ररीत जाऊन उभी राहते. फाटकी पुस्तकं शिवून त्यांना साडीच्या तुकड्यांची कव्हरं घालायची, ही तिथली रीत. तुकडे आम्ही मुलंच आणायचो, कुणाची आई, कुणाचा बाप साडीच्या कारखान्यात असायचाच. नावाची पानं बहुधा फाटलेली, म्हणून पुस्तकं मागायचोही रंगावरून.

एका पालकसभेला आई आली. जांभळ्या पुस्तकावर हात ठेवून म्हणाली, "हाई कापड मन्हा हातनं शे." ती कारखान्यात साड्यांच्या घड्या घालायची. वाचता येत नव्हतं. लायब्ररीच्या बाईंनी तिला समोर बसवलं आणि वाचायला घेतलं. विहिरीत उतरलेल्या एका पोरीची गोष्ट होती, मीही न वाचलेली. आई तोंडाशी पदर धरून ऐकत राहिली. मग घंटा झाली.

"उरलेलं पुढच्या सभेला," बाई म्हणाल्या.

त्याच वर्षी मराठीचे वर्ग बंद झाले. पुस्तकं कुठे गेली, कुणालाच ठाऊक नाही.

आई आता थकली आहे. मधूनच विचारते, "त्या पोरनं पुढे काय व्हयनं?"

मी दुकानांत जाते, लायब्रऱ्यांत जाते, आणि काउंटरपाशी पुस्तकाचं नाव विचारतात. मला फक्त रंग माहीत आहे.